दोनशे शहाऐंशी चौरस मीटरचं इंग्लंड

काकांची बाग दोनशे शहाऐंशी चौरस मीटर होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तलाव येणार आहे, खंदक येणार आहे, पडका मठ आणि त्यात बसणारा साधू येणार आहे, आणि हे सगळं एवढ्याच जागेत होतं हे वाचणाऱ्याने विसरू नये. अंदाज यावा म्हणून सांगते: साडेतीन बॅडमिंटन कोर्टं. त्यात एक लाकडी खोपटं, दोन फळझाडं आणि काका.

बाग स्टुटगार्टच्या एका टेकडीवर होती. एस-बानमधून, म्हणजे इथल्या लोकलमधून, उतरून दोनशे चौदा पायऱ्या चढल्या की कुंपणांनी आखलेले असे पुष्कळ तुकडे लागत. इथे फ्लॅटमध्ये राहणारी माणसं असा तुकडा भाड्याने घेतात आणि शनिवार-रविवारी तिथे बटाटे लावतात. त्याचा कारभार बघणारी संस्था म्हणजे फेराइन. फेराइनच्या प्रतीक्षायादीत आमचा नंबर होता एकशे बेचाळीस, आणि वर्षाला साधारण सहा माणसं पुढे सरकत. म्हणजे माझी पाळी यायला तेवीस-चोवीस वर्षं. मी हे गणपतीच्या जेवणात पंगतीत कोणाला तरी सांगत होते, तेव्हा शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "अगं, चोवीस वर्षं कशाला थांबतेस? आमच्याकडे ये. मेथी लाव. ह्यांना बोलायला कोणीतरी हवंच आहे. माझे कान भरलेत."

काकूंचे कान कशाने भरलेत हे मला पुढच्या शनिवारी कळलं.

काका पुण्याचे. गिअर डिझाइन करायला दोन वर्षांच्या करारावर स्टुटगार्टला आले आणि निवृत्त होईपर्यंत राहिले. चोवीस तासांतला कामाचा वेळ सोडला तर त्यांच्या डोक्यात एकच विषय असे: इंग्लंडमधल्या बागा, त्या कशा होत्या, मग कशा झाल्या आणि आता कशा आहेत. हे वेड त्यांना कुठून लागलं, कोणालाच माहीत नाही. काकू म्हणत, "लग्नात पत्रिका बघितली. त्यात हे लिहिलेलं नव्हतं."

बागेत ते टाय लावून येत. लोकरी कोट, डोक्याला चपटी लोकरी टोपी, हातात कुदळ. एका जुलैत चौतीस अंश सेल्सिअसमध्ये मी त्यांना कोट काढा म्हटलं, तर म्हणाले, "सर्व्हेअरबाई, इंग्लंडमध्ये आत्ता एकोणीस आहे." सर्व्हेअरबाई म्हणजे मी. पहिल्याच दिवशी मी पर्समधून मोजपट्टी काढली होती, त्याचं हे फळ. माझी नोकरी गाडीच्या सुट्या भागांची मापं तपासण्याची आहे. मोजपट्टी पर्समध्ये असणं मला तरी विचित्र वाटत नाही.

मी त्यांना विचारलं होतं, "काका, तुम्ही इंग्लंडला कितीदा गेलात?"

"एकदाही नाही."

"इतक्या जवळ असून?"

"अगं, गेलो आणि तिथली बाग चुकीची निघाली तर मी काय करू?"

आता ते मुलीकडे इंग्लंडलाच राहतात, चौथ्या मजल्यावर. बाल्कनी तीन पूर्णांक दोन चौरस मीटर आहे असं काकूंनी फोनवर सांगितलं, आणि काका बाहेर जाऊन बागा बघतात का असं विचारल्यावर म्हणाल्या, "जातात. चुका काढून येतात."

काकांची पद्धत अशी होती. त्यांनी अठराव्या शतकापासून सुरुवात केली आणि दर वसंतात ते पुढच्या काळात जात. मार्च उजाडला की मागच्या वर्षीची बाग मोडायची, फेऱ्या मारून टेकडीखाली कचरा टाकायचा आणि नवी बांधायची. अकरा वर्षांत तीनशे वर्षं. म्हणजे दर वर्षी सरासरी सत्तावीस वर्षं, पण ही सरासरी फसवी आहे, कारण अठराव्या शतकातून ते निघायलाच तयार नव्हते. तिथे चार वर्षं गेली.

अठराव्या शतकात काय झालं, तर इंग्लंडमधल्या बड्या जमीनदारांनी सरळ रस्ते आणि कातरलेली झुडपं उपटून काढली, घराच्या पायरीपर्यंत हिरवळ आणली, वळणावळणाचा तलाव खोदला, आणि हे सगळं निसर्गानेच केलंय असं दिसण्यासाठी शेकडो मजूर लावले. मजूर म्हणजे आमच्याकडे काका. तलाव म्हणजे सिमेंट कालवायचं नव्वद लिटरचं काळं घमेलं, जमिनीत पुरलेलं, कडेने नागमोडी दगड. मी माझ्या मुलीला पहिल्यांदा दाखवायला घेऊन गेले. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. तिने तलाव बघितला आणि म्हणाली, "मामा, दास इस्ट आइन आइमर." आई, ही बादली आहे.

काका चिडले नाहीत. त्यांनी लाउबंमधून, म्हणजे त्या लाकडी खोपटातून, काकूंच्या आईचा पाट आणला. अकरा सेंटिमीटर उंचीचा. "यावर बस," ते तिला म्हणाले. "आता एक डोळा मीट. आता बघ."

ती बसली, डोळा मिटला, बघितलं. "आख सो," ती म्हणाली. अच्छा, असं होय. तेव्हापासून ती काकांची माणूस झाली. खरं सांगायचं तर पाटावर बसून तलाव मोठा दिसायचाच. मी स्वतः बसून बघितलं आहे. पण दोन्ही डोळे उघडे ठेवून नाही.

खंदक त्याच काळातला. जमीनदारांना कुंपण नको होतं, कारण कुंपणाने नजर अडते. पण गाईगुरं दारात यायला नको होती. म्हणून त्यांनी कुंपणाच्या जागी खोल चर खणला, जो घरातून दिसत नाही. हिरवळ सलग दिसते आणि शेजारच्याची शेतंही आपलीच वाटतात. काकांनी नऊ मीटर लांब, नव्वद सेंटिमीटर रुंद आणि साठ सेंटिमीटर खोल चर शेजारच्या बाजूला खणला आणि तिथलं कुंपण काढून टाकलं. आता शेजारची बाग आपली वाटणार होती. अडचण अशी, की शेजारच्या बागेत सात बुटके होते. दाढीवाले, लाल टोपीवाले, मातीचे, एकाच्या हातात कंदील.

आणि ती शेजारीण फेराइनची अध्यक्ष होती.

अध्यक्षबाई ट्राम चालवून निवृत्त झालेल्या. उंच, सरळ, वेळेच्या पक्क्या. कुंपण कुठे गेलं हे विचारायला त्या पाटी-पेन घेऊन तरातरा निघाल्या, सलग हिरवळीवरून, आणि मध्येच अर्ध्या दिसेनाशा झाल्या. आम्ही धावलो. लागलं काही नव्हतं. चरात काकूंच्या घेवड्याचे वेल होते, त्यांवर त्या अलगद बसल्या होत्या. त्या वर बघून फक्त "आल्झो" म्हणाल्या. जर्मनमधल्या या शब्दाला तसा काही अर्थ नाही, पण त्या दिवशी पुष्कळ होता.

काका आनंदाने लाल झाले होते. "दिसला नाही ना?" ते त्यांना हात देताना म्हणाले. "अजिबात दिसला नाही ना? बरोबर जमलाय!"

घेवडा चरात का होता, तेही सांगायला हवं, कारण सगळा पेच तिथेच आहे. काकांचं म्हणणं, बाग बघायची असते, खायची नसते. इंग्लंडमधल्या बड्या लोकांनी भाजीचा मळा घरापासून लांब, उंच भिंतीआड नेला, म्हणून भाजी नजरेस पडता कामा नये. काकूंना टोमॅटो हवे असत, ते लाउबंच्या मागे. माझी मेथी चार मीटर बाय तीन मीटरच्या वाफ्यात, तीही मागे. घेवडा खंदकात. काकू म्हणत, "लोक सोनं पुरतात, आम्ही भाजी पुरतो."

साधूचा प्रकार याच चार वर्षांतला. त्या काळी काही जमीनदार बागेत एक पडकं देऊळ किंवा मठ मुद्दाम बांधत, आणि त्यात बसायला पगारी साधू ठेवत. त्याने केस कापायचे नाहीत, बोलायचं नाही, पाहुणे आले की विचारमग्न दिसायचं. काकांनी फुटक्या फरश्यांचा एक मीटर चाळीस सेंटिमीटर उंचीचा मठ रचला, आणि ही सगळी माहिती सांगून झाल्यावर माझ्या नवऱ्याकडे बघितलं.

"बोलायचं नाही?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"एक अक्षर नाही."

"आणि मला कोणी काही बोलणार नाही?"

"साधूला कोण बोलणार?"

"मला जमेल हे," तो म्हणाला. घरात इतक्या चटकन तो कशालाच हो म्हणत नाही. पुढे दोन उन्हाळे दर शनिवारी तो दाढी वाढवून, घोंगडी पांघरून मठात बसला. घोंगडीखाली लॅपटॉप असे. मोबदला म्हणून काकूंची साबुदाण्याची खिचडी. एकदा अध्यक्षबाईंनी विचारलं, हा गृहस्थ कोण? काका म्हणाले, साधू. बाई म्हणाल्या, बागेत रात्री मुक्कामाला परवानगी नाही. काका म्हणाले, "नाही नाही, हा सहा बाराच्या एस-बानने घरी जातो." बाईंनी ते लिहून घेतलं.

तर असे काका. एकोणिसाव्या शतकात आले तेव्हा मात्र त्यांनी सगळ्यांना चकित केलं. तलाव बुजवला, गालिच्यासारखे रंगीत फुलांचे वाफे आखले आणि एक दिवस स्वतः खंदक ओलांडून अध्यक्षबाईंकडे गेले. टोपी काढून म्हणाले, "तुमचे बुटके मला मिळतील का? दोन तरी?"

बाईंना वाटलं चेष्टा चाललीय. पण काका गंभीर होते. त्यांनी सांगितलं, की बागेतला बुटका इंग्लंडमध्ये गेला तो जर्मनीतूनच, एकोणिसाव्या शतकात, एका जमीनदाराच्या हौसेपायी. आणि आज लोक नाकं मुरडतात, पण त्या काळी ती फार भारी गोष्ट होती. आपल्या बुटक्यांबद्दल इतक्या आदराने आजवर कोणी बोललं नव्हतं. बाईंनी कंदीलवाला आणि दुसरा एक, असे दोन बुटके धुऊन पुसून दिले. काकांनी ते दगडांच्या ढिगावर मानाने बसवले. त्या उन्हाळ्यात अध्यक्षबाई दर रविवारी प्लमचा केक घेऊन येत आणि आपले बुटके नीट आहेत ना ते बघत. खंदकाला लाकडी फळी टाकली गेली. मी ती मोजली: तीस सेंटिमीटर रुंद. काकू म्हणाल्या, "दोन देशांमध्ये इतकं चांगलं कधी नव्हतं."

मग मार्च आला आणि काका विसाव्या शतकात गेले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये सुरुची आली, असं काका सांगत. रंगीत गालिचे गेले. लांब पट्ट्यांत फुलांचे रंग एकमेकांत मिसळू लागले, निळ्या-पांढऱ्यापासून तांबड्यापर्यंत आणि परत. कुंपणाच्या झाडांच्या भिंती करून बागेच्या खोल्या झाल्या. फेराइनच्या नियमाप्रमाणे भिंत सव्वा मीटरपेक्षा उंच चालत नाही, म्हणून काकांच्या खोल्या छातीइतक्या होत्या. "वाकून चाल, म्हणजे खोली वाटते," ते पाहुण्यांना सांगत. हे सगळं ठीक होतं. पण सुरुचीत बुटका बसत नाही. काकांनी दोन्ही बुटके वर्तमानपत्रात गुंडाळले, अध्यक्षबाईंच्या दारात ठेवले आणि सोबत चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीत लिहिलं होतं: "आभारी आहे. यांचा काळ संपला."

मी काकांना तेव्हाच म्हटलं होतं, निदान चिठ्ठी नको. ते म्हणाले, "अगं, ऐतिहासिक सत्य आहे." प्लमचा केक बंद झाला. फळी कोणीतरी काढून नेली. आणि काकांना "प्रिय शेजारी" अशी सुरुवात असलेल्या कागदांऐवजी "विषय" अशी सुरुवात असलेली पत्रं यायला लागली.

पहिलं पत्र आलं ते वाळलेल्या काड्यांवरून. काका तोवर आपल्या काळाच्या जवळ पोचले होते. सध्याचे इंग्लिश बागवाले उंच गवतं लावतात आणि हिवाळ्यात मेलेली झाडं कापत नाहीत. त्यांवर दव पडलेलं सुंदर दिसतं, पाखरांना बी मिळतं. काकांनी सगळं वाळू दिलं. फेराइनने लिहिलं: बाग सोडून दिलेली दिसते, आपण हयात आहात काय? दुसरं पत्र मे महिन्यातल्या न कापलेल्या गवतावरून. मी गवत मोजलं होतं, अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. साधू तेव्हा निवृत्त झाला होता, पण गवतात झोपला तर सापडत नसे.

आणि मग अळू.

सध्याच्या इंग्लिश बागांत आणखी एक हौस आहे, ती म्हणजे थंड हवेत उष्ण देशांचा आव आणायचा. मोठी पानं, केळी, कर्दळी, आणि अळू. व्हिक्टोरियाच्या काळातही हे होतं, मध्ये मागे पडलं, आता परत आलंय. काकांनी पुस्तकात फोटो बघितला, आणि स्टेशनजवळच्या तमिळ दुकानातून अळकुड्या आणून सात मीटर बाय तीन मीटरच्या पट्ट्यात अठ्ठावीस झाडं लावली. दर ऑक्टोबरात कंद काढून तळघरात ठेवायचे, मेमध्ये परत लावायचे. आली मात्र सुरेख. काळे देठ, सुपाएवढी पानं, सकाळी त्यांवर पाण्याचे थेंब घरंगळत. काका त्यांच्यासमोर पाट टाकून बसत.

काकूंनी पहिल्याच आठवड्यात पानांवरून हात फिरवला. "काळ्या देठाचं. वडीचं अळू आहे हो हे."

"हे अळू नाही," काका म्हणाले. "ही फोलिएज आहे."

"तुमच्या आईच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर हीच फोलिएज होती. गुरुवारी तिची भाजी करायच्या त्या."

"एका पानालाही हात लावायचा नाही. सगळी रचना आहे ती. एक पान गेलं की नजर अडखळते."

काकूंनी मान डोलावली. आणि तीन वर्षं त्या मागच्या रांगेतली पानं कापून नेत राहिल्या. काका दुपारी लाउबंमध्ये वीस मिनिटं झोपत, तेवढ्या वेळात. मी मेथीच्या वाफ्यातून बघायचे. पहिल्यांदा आमची नजरानजर झाली तेव्हा काकूंनी सुरी पदराआड केली आणि म्हणाल्या, "तुला सहा वड्या देईन." मी म्हटलं, मला काही नको, मी फक्त खोटं बोलणार नाही. त्या म्हणाल्या, "विचारलंच नाही कोणी, तर?" यात मला हरकत दिसली नाही. वड्या आठ आल्या.

काकांना पानं कमी होताहेत हे कळत होतं. त्यांनी गोगलगायींवर ठपका ठेवला. त्या बुडून मराव्यात म्हणून बिअरच्या वाट्या पुरल्या, तांब्याची पट्टी लावली, आणि मला दर शनिवारी नुकसानीची नोंद ठेवायला सांगितलं. मी तक्ता केला: तारीख, रांग, गेलेली पानं. कोणी नेली याचा रकाना त्यांनी सांगितला नव्हता, म्हणून मी केला नाही. गोगलगाय पान कुरतडते, देठासकट तिरकं कापून नेत नाही, हे गिअरमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला दिसायला हवं होतं. पण काका पाटावरून बघत, आणि वरून बघण्याचा त्यांना सराव नव्हता.

तिसरं पत्र जुलैत आलं. काकूंनी मला फोन करून बोलावलं. फेराइनचा मूळ नियम असा, की बागेचा एक तृतीयांश भाग भाजी आणि फळांखाली पाहिजे. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी दहा वाजता बेगेहुंग, म्हणजे पाहणी. एक तृतीयांश नसेल तर करार रद्द.

"एक तृतीयांश!" काका खोलीत फेऱ्या मारत होते. "तिकडे लोकांनी तीनशे वर्षं कष्ट केले भाजी नजरेआड करायला!"

"ते लोक चारशे एकरांत राहत होते," काकू म्हणाल्या. "तुम्ही बासष्ट चौरस मीटरमध्ये राहता. तुमच्या त्या चकरा थांबवा, माझा पाय तुडवताय."

मग त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि दार लोटलं. "हे बघ. बाग गेली तर हा माणूस दिवसभर घरी. काल बाल्कनीचं माप घेत होते. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, सहजच. ते कधी सहज माप घेत नाहीत. आणि खरं सांगू? त्या अळवासमोर बसले की त्यांचा चेहरा बघ. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं असे चेहरा पाडून बसले होते, की मी डॉक्टरकडे नेलं होतं. मला ती बाग हवी आहे गं."

मी दुसऱ्या दिवशी बाग मोजली. एक तृतीयांश म्हणजे पंच्याण्णव पूर्णांक तेहतीस. माझा वाफा बारा. खंदक आठ पूर्णांक एक. टोमॅटो, कोथिंबीर सहा. लाउबंमागचे बटाटे अठरा. कुंपणालगतची आंबट लाल बेरींची झुडपं अकरा. दोन फळझाडं, फेराइन प्रत्येकी दहा धरतं, म्हणून वीस. एकूण पंच्याहत्तर पूर्णांक एक. वीस पूर्णांक तेवीस कमी.

अळवाचा पट्टा एकवीस.

"काका," मी म्हटलं, "अळू भाजीत धरलं तर आपण शून्य पूर्णांक सत्त्याहत्तरने पास आहोत. कुठलंच झाड काढायला नको. तुम्ही फक्त म्हणायचं, ही भाजी आहे."

"पण ती भाजी नाही."

"काका, ती भाजीच आहे. सगळ्या महाराष्ट्राला विचारा."

"महाराष्ट्रात भाजी. इथे मी ती फोलिएज म्हणून लावली. हेतू महत्त्वाचा."

काकू बाहेरून ओरडल्या, "हेतूला फोडणी घालू का?"

पाहणीच्या सकाळी काका टाय लावून पट्ट्यासमोर उभे होते. अध्यक्षबाई दहाला आल्या, दहाला म्हणजे दहाला, आणि रस्त्याने आल्या, हिरवळीवरून नाही. माझा कागद त्यांनी ओळ न् ओळ तपासला. मोजपट्टीचं दुसरं टोक त्यांनी स्वतः धरलं. खंदक त्यांनी लांबूनच मान्य केला. पंच्याहत्तर पूर्णांक एकपर्यंत आम्ही दोघी एकमेकींना "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत पोचलो. अचूक माणूस भेटला की मला बरं वाटतं. मग त्या अळवासमोर थांबल्या.

"हे शोभेचं झाड आहे," त्या म्हणाल्या. "गार्डन सेंटरमध्ये शोभेच्या झाडांत असतं. मी पाहिलंय."

मी म्हटलं, आमच्याकडे ही पानं खातात.

"तुमच्याकडे काय करतात याचा प्रश्न नाही. काहीही खाता येतं. इथे पीक काढलं जातं का, एवढंच मला हवं." आणि त्या काकांकडे वळल्या. "तुम्ही यातून पीक काढता?"

नुसतं "या", म्हणजे हो, म्हटलं असतं तरी चाललं असतं. एक अक्षर. काकू त्यांच्याकडे बघत होत्या, मी बघत होते. काकांनी छाती पुढे काढली.

"एक पानही नाही," ते अभिमानाने म्हणाले. "तीन वर्षांत मी एका पानाला हात लावू दिलेला नाही."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मी डोळे मिटले, दोन्ही.

"थांबा," काकू म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. झाकण उघडलं तसा तिळाचा आणि चिंच-गुळाचा वास आला. "याच पानांच्या आहेत," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. त्यांचं जर्मन काकांपेक्षा कितीतरी चांगलं होतं. "मी तीन वर्षं पीक काढतेय. हे झोपतात तेव्हा."

काकांनी सावकाश मान वळवली. "गोगलगायी?" ते म्हणाले.

"अहो, गोगलगाय सुरी वापरते का?"

"पुरावा?" अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांचा स्वभाव.

मी फाइल पुढे केली. तीन उन्हाळ्यांचा तक्ता, तारीखवार, रांगवार. एकोणीस वेळा, दोनशे अठ्ठावीस पानं. वरचं शीर्षक "गेलेली पानं", ते मी जर्मनमध्ये वाचून दाखवलं. काका माझ्याकडे बघत होते, ती नजर मला आवडली नाही. पण त्या तक्त्यात एकही खोटा आकडा नव्हता.

बाईंनी तक्ता वाचला, दोन पानांची बेरीज करून बघितली आणि मग एक वडी उचलली. चावली. थांबल्या. हात गळ्याशी गेला, डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी माझा दंड घट्ट धरला आणि पुटपुटल्या, "खाजतंय का? भरपूर चिंच घातली होती गं मी."

"शार्फ," बाई खोकत म्हणाल्या. तिखट. नुसती मिरची होती. त्यांनी दुसरी वडी घेतली, मग बुटक्यांच्या दिशेने बघत तिसरी. "मान्य," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मागच्या रांगेतून चोरून नाही. भाजी असेल तर उघड काढा. आत्ता, माझ्यासमोर, आणि पुढून."

त्यांनी कागदावर शहाण्णव लिहिलं. मी पूर्णांक एक लिहायला लावलं.

काकूंनी सुरी काढली आणि काकांकडे बघितलं. मला वाटलं ते चिडतील, किंवा आत जाऊन झोपतील. पण त्यांनी टोपी काढून खिशात घातली, काकूंच्या हातातली पिशवी घेतली आणि तिचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरून त्यांच्या शेजारी उभे राहिले.

काकू वाकल्या. पहिलं पान कापलं, दुसरं कापलं. तिसऱ्याच्या देठाला सुरी लागली तेव्हा काकांना राहवलं नाही.

"अगं, ते डावीकडचं मोठं राहू दे. नजर तिथून आत शिरते."

"नजरेला म्हणावं, आज उजवीकडून जा," काकू म्हणाल्या, आणि पान पिशवीत टाकलं.